दौलतरावांच्या मोटारीची नाडी

मोटारीच्या इंजिनालाही नाडी असते, हे वाक्य मी दौलतरावांसमोर बोलायला नको होतं. एक तर ते शास्त्रीयदृष्ट्या सैल आहे. दुसरं म्हणजे ते त्यांना आवडलं.

दौलतराव माझे घरमालक. चिंचवड गावातलं जुनं शेतकरी घराणं. घराच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी कडबा रचत, तिथे विटांची भिंत घालून केलेल्या खोलीत मी राहत असे. ही गोष्ट सत्तावन्न सालची. पिंपरीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी रसायनशास्त्राचा बी.एस्सी. म्हणून लागलो होतो, आणि तेवढ्यावरून सगळी आळी मला मास्तर म्हणत असे. मी मास्तर नाही, हे पहिले दोन महिने मी पुराव्यानिशी पटवून पाहिलं. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या पोरांची त्रैराशिकं सोडवून देऊ लागलो आणि माझी बाजू कायमची लंगडी पडली.

दौलतरावांकडे एक मोटार होती. सदतीस सालची, विलायती, काळी. गोठ्यात बैलांच्या शेजारी ती उभी असे. सकाळी चालू करताना ती इतक्या तऱ्हेचे आवाज काढी, की दावणीची बैलं आता त्यांना मानही वळवत नसत.

तर झालं असं, की आमच्या कारखान्याच्या वाचनालयात एक अमेरिकन मासिक येई. त्यात मी व्हॅक्यूम गेज नावाच्या यंत्राबद्दल वाचलं आणि संध्याकाळी ओसरीवर बसून दौलतरावांना सांगितलं.

"इंजिन हवा आत ओढतं. त्या ओढीनं नळीत पोकळी तयार होते. ती किती, हे एक घड्याळ दाखवतं. निरोगी इंजिनाचा काटा अठरा-वीस इंचांवर ठाम उभा राहतो. आत बिघाड असला की काटा थरथरतो. वैद्य नाडी बघतो ना, तसंच."

"नाडी!" दौलतराव सरसावून बसले. "आन् आपला आबाजी मिस्त्री ऐकून सांगतो ते?"

आबाजी मिस्त्री म्हणजे मुंबई रस्त्याच्या कडेला चिंचेखाली बसणारा मोटार दुरुस्त करणारा गृहस्थ. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून तो डोळे मिटून घेई आणि निदान करी.

"तो अंदाज," मी म्हणालो. "हे मोजमाप."

हे दोन शब्द पुढे मला पुष्कळ वेळा परत ऐकवण्यात आले.

दौलतरावांना मोजमाप हवं होतं त्याला कारण होतं. त्यांची मुलगी इंद्रायणी हिचं चाकणच्या हिंदुरावांच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. येत्या गुरुवारी चाकणला जाऊन सुपारी फोडायची होती. हिंदुराव वेळेचे कडक. त्यांचा निरोप आला होता, की अकराच्या आत आलात तर सुपारी फोडू. दुपारी खेडहून दुसरी मंडळी मुलगा बघायला येणार आहेत. इंद्रायणीला मुलगा पसंत होता. असं ती कुणाला म्हणाली नव्हती. पण चाकणचं नाव निघालं की तिच्या हातातली रवी थांबत असे, आणि ताक करणाऱ्या मुलीची रवी थांबलेली घरात सगळ्यांना ऐकू जाते.

बैलगाडीनं निघायचं तर पहाटेच जुंपावी लागली असती. शिवाय दारात मोटार असताना बैलगाडीनं सुपारीला गेलं, तर गावात हसं. तेव्हा मोटारच न्यायची, आणि ती वाटेत दगा देणार नाही याची खात्री मी माझ्या घड्याळानं करून द्यायची, असं ठरलं. म्हणजे दौलतरावांनी ठरवलं आणि माझी छाती फुगली.

गेज मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं. विकणाऱ्यानं ते विमानातलं असल्याचं सांगितलं. शेजारचा कंदील कशातला, असं मी विचारलं; तोही विमानातलाच होता. गेजची काच जरा सैल होती, बोटानं फिरवली की निघून हातात येई. पण काटा चांगला होता. मी नळी तोंडात धरून हवा ओढली तर तो बारा इंचांपर्यंत गेला. माझ्या फुफ्फुसांबद्दलचा हा एकमेव लेखी पुरावा.

आता हे इंजिनाला जोडायचं कसं? त्या मोटारीचा वायपर इंजिनाच्या ओढीवरच चाले. त्याच्या रबरी नळीत मध्येच तीन तोंडांची नळी घातली, की एक फाटा गेजला नेता येणार होता. तशी काचेची नळी आमच्या प्रयोगशाळेत होती. साहेबांनी मोठ्या मनानं 'न्या' म्हटलं. फाटकावरच्या कारकुनानं मात्र अडवलं.

"नग?"

"एक."

"परत येणारा की न येणारा?"

"म्हणजे?"

"परत येणारा असला तर पिवळा कागद. न येणारा असला तर पांढरा, त्यावर तीन सह्या."

मी प्रामाणिकपणे विचार केला. "येईल परत. पण कदाचित तुकड्यांत."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. तुकड्यांसाठी कागदच नव्हता. अखेर तो माल 'परत येणारा, नग एक किंवा अधिक' असा नोंदला गेला, आणि मी साडेचार इंचांची नळी रुमालात गुंडाळून, तारण ठेवलेला दागिना सोडवून आणावा तसा घरी आलो.

डॅशबोर्डला भोक पाडायला दौलतरावांनी गावातल्या सुताराला बोलावलं. तो बैलगाड्या करणारा. दोन इंचांचं भोक त्यानं आयुष्यात पाडलेलं नव्हतं. त्याच्या धंद्यात तेवढ्या जागेला खरचटणं म्हणत असावेत. त्याच्या भोकातून गेज सरळ पलीकडे जाऊन पडलं. मग भोवती चामड्याची पट्टी ठासून ते घट्ट बसवलं. चामडं दौलतरावांच्या जुन्या वहाणेचं होतं, आणि ही गोष्ट सावित्रीबाईंना कळू द्यायची नाही असं आम्ही पुरुषांनी ठरवलं. सावित्रीबाई म्हणजे दौलतरावांच्या घरच्या. त्यांच्या घरात नवी सुपलीसुद्धा पूजेशिवाय वापरात येत नसे.

मंगळवारी संध्याकाळी पहिली चाचणी झाली. शेजारपाजार जमला. सगळ्यांत पुढे नानासाहेब. हे रेल्वेतले निवृत्त गार्ड. काळी टोपी, कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ. चाकणच्या बोलणीत त्यांनाच पुढे करायचं ठरलं होतं, कारण त्यांच्याइतका वेळ पाळणारा माणूस चिंचवडात दुसरा नव्हता. गेज बघून त्यांचे डोळे पाणावले.

"अहो, हे तर माझ्या ब्रेकव्हॅनमधलं, गार्डाच्या डब्यातलं! एकतीस वर्षं हेच तोंडासमोर होतं. अठरा इंच झाल्याशिवाय मी कधी हिरवं निशाण दाखवलं नाही. खुद्द मोठे साहेब गाडीत असले तरी नाही."

"पण नानासाहेब, रेल्वेत ते ब्रेकसाठी असतं. इथे—"

"पोकळी ती पोकळी," नानासाहेब म्हणाले. "रेल्वेची काय आणि रस्त्याची काय."

दौलतरावांनी इंजिन चालू केलं. काटा उठला, पंधरावर गेला, बारावर आला, सतरावर गेला, पुन्हा बारावर. तापाच्या रोग्याच्या हाताइतका थरथरत होता. एवढ्यात आबाजी मिस्त्री सायकलवरून आला, बॉनेट उघडून त्यानं स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि दहा सेकंदांत मोकळा झाला.

"तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळालाय, दौलतराव. इंजिनाचं हेड उघडावं लागंल. मला उद्याचा दिवस द्या, रातच्याला गाडी तयार करून देतो."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. माझ्याच मासिकात छापलं होतं, की व्हॉल्व्ह जळाला तर काटा ठरावीक अंतरानं खाली पडतो. माझं यंत्र आणि आबाजीचा कान एकच गोष्ट सांगत होते. पण कान आणि यंत्र यांचं एकमत झालं, तर यंत्र आणलं कशाला? मी नीट बघितलं, आणि काचेच्या नळीला केसाएवढी चीर दिसली.

"हवा इथून आत शिरतेय!" मी ओरडलो. "दोष सांध्यात आहे. इंजिनात नाही."

"मास्तर, मी ऐकलंय," आबाजी शांतपणे म्हणाला.

"तो अंदाज," दौलतराव त्याला म्हणाले. "हे मोजमाप हाय."

आबाजीनं माझ्याकडे बघितलं, सायकलवर टांग टाकली आणि गेला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

बुधवारी मी तांबटाकडून तांब्याची नळी करून आणली, बारीक तारेनं सांधे आवळले. काच पुसावी म्हणून काढून हातात घेतली, तेवढ्यात सावित्रीबाई पूजेचं तबक घेऊन आल्या; मागोमाग नानासाहेब आणि शेजारपाजारही.

"इंजिन बंद करा," चाचणीसाठी गाडी चालू करून बसलेल्या दौलतरावांना मी म्हणालो.

"चालूच ऱ्हाऊ द्या," सावित्रीबाई म्हणाल्या. "यंत्राची पूजा जितेपणी करावी. बंद गाडीला कुंकू लावायला काय मढं हाय?"

गाडी धडधडत होती, काटा थरथरत होता. त्यांनी यंत्राच्या तोंडावर हळद लावली, कुंकू लावलं, वर भिजलेल्या कुंकवाच्या चार अक्षता भक्तिभावानं चिकटवल्या. काचेवरून लावा, असं मी सुचवून पाहिलं. "काचेवर लावलेलं देवाला पोचत न्हाई," हे उत्तर मिळालं. मग नारळ फुटला. मी काच बसवली आणि वाकून बघितलं.

काटा अठरावर होता. थरथर नाही, हालचाल नाही. ठाम.

तो क्षण मी विसरणार नाही. सिद्धांत मांडावा, प्रयोग करावा आणि निसर्गानं निमूट होकार द्यावा, असं माझ्या आयुष्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेतसुद्धा कधी घडलं नव्हतं; तिथे तर मी उत्तर आधी बघून आकडे मागाहून लिहीत असे. नानासाहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं, पूर्ण एक मिनिट काट्याकडे बघितलं आणि हात वर केला.

"अठरा इंच. लाइन क्लियर!"

दौलतरावांनी इंजिन बंद केलं. सगळे चहाला ओसरीवर गेले. इंद्रायणी तबक उचलायला आली होती; ती खिडकीतून आत बघत म्हणाली, "मास्तर, गाडी बंद हाय ना आता?"

"हो."

"मग काटा वर कसा?"

प्रश्न उत्तम होता. एवढा उत्तम, की त्यावर विचार करायला मी दोन मिनिटं घेतली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माझ्याजवळ उत्तर तयार होतं. शिकलेल्या माणसाची ही मोठीच अडचण असते.

"सांधे इतके घट्ट बसलेत, की पोकळी बाहेर पडत नाही. तशीच टिकून राहते. उत्तम कामाची खूणच आहे ही."

"अस्सं होय," इंद्रायणी म्हणाली. मग तबकातला नारळाचा तुकडा माझ्यासमोर धरून हळूच म्हणाली, "पोचंल ना गाडी?"

"अठरा इंच आहे," मी म्हणालो.

गुरुवारी पावणेनऊला आम्ही निघालो. दौलतराव चालवायला, शेजारी नानासाहेब, मागे मी आणि मांडीवर नारळ-सुपारीची टोपली. दौलतरावांनी निघताना मला एवढंच म्हटलं, "मास्तर, तुमच्या शब्दावर निघतोय. पोरीचं काम हाय."

भोसरीच्या नाक्यावर हवालदारानं हात दाखवला. आत डोकावून त्यानं गेजवर बोट ठेवलं.

"मीटर लावलंय. टॅक्सी चालवता?"

"मीटर नव्हं ते," दौलतराव म्हणाले. "नाडी हाय गाडीची."

"मुंबईला बघितलंय मी. मीटर म्हंजे भाड्याची गाडी. परवाना दाखवा."

मी त्याला पाऱ्याच्या इंचांत हवेचा दाब कसा मोजतात ते समजावलं. माझ्या मते पाच मिनिटांत. नानासाहेबांच्या घड्याळाप्रमाणे अठरा मिनिटांत. शेवटी तो म्हणाला, "अठरावर उभं हाय म्हंजे अठरा आणे झाले का?" मग नानासाहेब खाली उतरले, त्याला बाजूला नेलं आणि रेल्वेच्या आवाजात काहीतरी सांगितलं. त्यानं सलाम ठोकून गाडी सोडली. काय सांगितलं, ते नानासाहेबांनी आजतागायत उघड केलेलं नाही.

मोशी ओलांडली, इंद्रायणी नदी ओलांडली. कुरुळीच्या पुढे चाकण दोन मैलांवर राहिलं असताना चढणीवर गाडी शिंकली. मग खोकली. मग मागून बंदुकीसारखा आवाज झाला, बॉनेटखालून धूर आला आणि मोटार रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. दौलतरावांनी पुन्हा पुन्हा हँडल मारलं. इंजिन हूं की चूं करेना. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

नानासाहेब काट्याकडे बघत बसले होते. "अठरा आहे," ते हळूच म्हणाले. "अठरा असताना गाडी थांबलीच कशी? नियमात बसत नाही हे."

दौलतराव घाम पुसत खिडकीशी आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

"मास्तर, गाडी मेली. जरा नाडी बघा."

मी बघितलं. मेलेल्या इंजिनाचा काटा अठरावर ठाम होता. मी काच फिरवून काढली, वाकून निरखलं, आणि माझ्या पोटात जी पोकळी झाली ती मोजायला गेजवर आकडेच नव्हते. काट्याच्या टोकाशी कुंकवानं लाल झालेला, वाळून सिमेंट झालेला तांदळाचा एक दाणा होता. काटा त्याला रेलून उभा होता. मी नखानं दाणा उडवला. काटा टकन शून्यावर पडला.

"काय हाय ते?" दौलतरावांनी विचारलं.

"अक्षता," मी म्हणालो. "पूजेपासून काटा अडकलेला होता. इंजिन बरं नव्हतंच. आबाजी म्हणाला ते खरं होतं. चूक माझी आहे."

दौलतराव रस्त्याकडे बघत उभे राहिले. दोन मैल चालत जाणं त्यांना जड नव्हतं. पण मोटारीनं येतो म्हणून सांगितलेला मुलीचा बाप घामाघूम, धुळीनं भरलेला, पायी दारात उभा राहणं जड होतं. पटका काढून त्यांनी तो झटकला आणि परत बांधला.

तेवढ्यात मागून कांद्याच्या पोत्यांची बैलगाडी आली. चाकणच्या बाजाराला निघालेली. गाडीवानानं काही न विचारता दोर काढला. अशा मोटारी त्याला नव्या नसाव्यात. पोती आमच्या मागच्या सीटवर आली, रिकामी बैलगाडी कडेला लावून बैल मोटारीला बांधले. मी मनात हिशेब केला आणि गाडीवानाला म्हणालो, "ताशी तीन मैल ठेवलेत तर दहा पंचावन्नला पोहोचू."

"माझी बैलं शाळंत गेली न्हाईत," गाडीवान म्हणाला. "ती त्यांच्या मनानं जात्यात."

अकराला तीन मिनिटं कमी असताना आमची मिरवणूक हिंदुरावांच्या दारात पोहोचली. पुढे बैल, मागे मोटार, मोटारीत नानासाहेब ताठ बसलेले, आणि कांद्याच्या दोन पोत्यांमध्ये मी, टोपली डोक्यावर धरून. अर्धं चाकण जमलं. हिंदुराव पायरीवर उभे होते. पांढऱ्या मिशा, हातात काठी.

"अकराला तीन कमी," नानासाहेबांनी खाली उतरताच जाहीर केलं.

हिंदुरावांनी घड्याळाकडे बघितलंच नाही. "मोटारीला बैल?" ते म्हणाले. "दौलतराव, ही काय थट्टा मांडलीया?"

कुणी हसलं नाही. मला चिंचवडच्या स्वयंपाकघरात थांबलेली रवी दिसायला लागली. मी पोत्यांमधून बाहेर आलो.

"यांची चूक नाही. मिस्त्रीनं इंजिन उघडायला सांगितलं होतं. मी नको म्हणालो. माझं यंत्र खोटं बोलत होतं, आणि मला ते खरं वाटलं, कारण ते खरं असावं असंच मला वाटत होतं."

"तुमी कोण?"

"यांचा भाडेकरू."

"भाडेकरूच्या सांगण्यावर तुमी पोरीच्या सुपारीला निघालात?" हिंदुरावांनी दौलतरावांना विचारलं.

दौलतरावांनी एकदा माझ्याकडे बघितलं. तिथे त्यांनी मला कांद्याच्या पोत्यागत रस्त्यावर उतरवलं असतं, तरी माझी तक्रार नसती.

"शिकलेला माणूस हाय," ते म्हणाले. "इस्वास ठिवला. चुकला तर चुकला म्हणून सांगतोय, पळाला न्हाई."

हिंदुरावांनी इकडेतिकडे बघत हाक मारली, "अर्जुन! आरं, अर्जुनराव कुठाय?"

नवरा मुलगा अर्जुनराव केव्हाच मोटारीत शिरला होता. त्याचे पाय तेवढे बॉनेटबाहेर दिसत होते; नव्या धोतराला काजळी लागली होती. आतून आवाज आला, "दादा, तिसऱ्याचा व्हॉल्व्ह गेलाय! मला एक पाना द्या!"

हिंदुरावांनी काठी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. "घ्या. ह्यो आमचा शिकलेला. विहिरीवरचं ऑइल इंजिन ह्या साली तीनदा उघडलंय यानं. दोनदा तर ते चांगलं चालू होतं." मग ते पहिल्यांदा हसले. "या आत, दौलतराव. तुमच्याकडं भाडेकरू तरी हाय, काढून टाकता यील. ह्यो तर माझ्या पोटचा हाय."

सुपारी फुटली. नानासाहेबांनी वेळ सांगितली: अकरा वाजून चार मिनिटं. अर्जुनराव टिळा लावून घेण्यापुरता आत आला. हात तेलानं काळे, म्हणून त्याच्या आईनंच त्याला पेढा भरवला. पेढा चघळतच तो माझ्याजवळ येऊन बसला.

"मास्तर, ते घड्याळ फार भारी हाय. मला देता का? विहिरीवरच्या इंजिनाला बसवतो. मग मला कळंल, कवा उघडायचं नि कवा न्हाई."

सगळी मंडळी कौतुकानं बघू लागली. दौलतरावांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच रंग आला. आणि मला मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ऑइल इंजिनाला हवा अडवणारी झडपच नसते. हवा मोकळी आत जाते, पोकळी होतच नाही. त्या इंजिनावर हे गेज लावलं, तर इंजिन धडधाकट असो की मरायला टेकलेलं, काटा जन्मभर शून्यावर राहणार. आणि शून्य बघून हा जावई रोज इंजिन उघडणार. आज सकाळीच मी एक असत्य उराशी धरून दोन घरांना संकटात घातलं होतं. आता तरी खरं ते वेळेवर सांगायला हवं होतं.

"अर्जुनराव," मी म्हणालो, "एक शास्त्रीय गोष्ट सांगतो. ऑइल इंजिनाच्या बाबतीत—"

दौलतरावांनी परातीतला सगळ्यात मोठा पेढा उचलला आणि माझ्या उघड्या तोंडात पुरता कोंबला.

"जावयानं मागितलंय," ते प्रेमानं म्हणाले. "आधी तोंड गोड करा, मास्तर."